बंदूक बिघडल्याचा दाखला

जुन्या लष्करी बंदुका जमवायचा माझा नाद एका चुलीपुढे सुरू झाला. मी तेव्हा नंदुरबारच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. ब्राह्मणपुरीच्या एका गुजर शेतकऱ्यानं मुलीच्या लग्नाआधी भिंतीवर मोर काढायला मला बोलावलं होतं. दुपारी जेवायला पाटावर बसलो, तर समोर त्याची आई चूल पेटवत होती. फुंकणी हातभर लांबीची, जाड, काळी. तिच्या एका अंगाला बारीक भोक होतं, आणि बासरी वाजवावी तसं ते भोक अंगठ्यानं दाबून काकी फुंकत होत्या.

मी विचारलं, "काकी, ही फुंकणी कुठली?"

"मन्ही सासूनी शे."

"आणि हे भोक?"

"त्याले आंगठा लावना पडस. नही तं राख डोयामा जास."

जेवण झाल्यावर मी ती हातात घेतली. राख पुसली तर लोखंडावर मुकुटाचा शिक्का आणि खाली तीन आकडे. कुठल्या तरी शिपायाच्या ठासणीच्या बंदुकीची ती नळी होती. कोणी तरी ती कापली होती, मागचं बूच काढलं होतं, आणि जिथून बत्ती द्यायची त्या कानावर काकी पन्नास वर्षं अंगठा ठेवून भाकऱ्या करत होत्या. मला ते इतकं विलक्षण वाटलं, की मोराचा पिसारा मी त्या दिवशी अर्धाच काढला.

पुढच्या रविवारी नंदुरबारहून नवी फुंकणी घेऊन गेलो आणि तिच्या बदल्यात जुनी मागितली. काकींनी नवीतून दोनदा फुंकून पाहिलं.

"हाई बरी शे," त्या म्हणाल्या. "हिले भोक नही."

एवढ्यावर थांबतो तर ठीक होतं. पण मला आता सगळीकडे बंदुका दिसायला लागल्या. तापीकाठच्या एका गोठ्यात म्हैस बांधायचा खुंटा म्हणून संगीन ठोकलेली होती. एका घरी बंदुकीची दारू ठेवायचं शिंग वासराला औषध पाजायला वापरत. शहाद्याला एक आजीबाई चिमट्यासारख्या कसल्या तरी अवजारानं चिंचोके फोडत बसल्या होत्या, ते शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा निघालं. मी जो तो जिन्नस घ्यायचो आणि त्याच कामाचा नवा जिन्नस द्यायचो. त्यामुळे गावोगाव अशी बातमी झाली की, नंदुरबारचा एक मास्तर जुन्या फुंकणीवर नवी फुंकणी देतो. एका सकाळी आमच्या दारात सात बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात फुंकणी. एकीनं तर सायकलचा पंप आणला होता.

माझी बायको धुळ्याकडची. तिनं त्या बायांना चहा पाजला, परत पाठवलं आणि आत येऊन मला म्हणाली, "लोकेस्ना भितवर देव ऱ्हातस. आपला भितवर बंदुका."

खोटं नव्हतं. चार-पाच वर्षांत बाहेरच्या खोलीत अकरा बंदुका टांगल्या गेल्या. काही अख्ख्या, काही अर्ध्या. कोणाचा घोडा नाही, कोणाचा दस्ता वाळवीनं खाल्लेला. दोन गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या, बाकीच्या टोपीवर घोडा आपटून उडणाऱ्या. बायकोनं कुरकुर केली खरी, पण तीन लांब नळ्या एका रेषेत आहेत हे लक्षात आल्यावर तिनं वळणीची दोरी सोडून टाकली आणि पावसाळ्यात माझे सदरे त्यांच्यावर वाळत घालायला लागली.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे हत्यारांचा नवा कायदा आला. दवंडी पिटली गेली की, ज्याच्याकडे जुनं-नवं हत्यार असेल त्यानं ठाण्यावर येऊन सांगावं. मी सरळमार्गी माणूस. बंदुकांची यादी केली, प्रत्येकीचं पेन्सिलीनं चित्र काढलं आणि ठाण्यावर गेलो.

फौजदार नुकतेच बदलून आले होते. घाटावरचे, कामात चोख, मिशा बारीक. त्यांनी चित्रं निरखून पाहिली.

"चित्रं छान आहेत, मास्तर. परवाना?"

"साहेब, यातली एकही चालत नाही. एकीत तर चिमणीनं घरटं केलं होतं."

"चिमणीचा प्रश्न नाही." त्यांनी एक कागद पुढे ओढला. "चालत नसेल तर परवाना नको, हे खरं. पण कायदा म्हणतो, दुरुस्त करूनसुद्धा चालता कामा नये. तसा जाणकाराचा दाखला आणा. मग खुशाल टांगा भिंतीला."

असा जाणकार गावात एकच होता. स्टेशनच्या बाजूला एका बोळात त्यांचं दुकान होतं. त्यांचे आजोबा सातपुड्याकडच्या एका जहागीरदाराकडे बंदुका घडवायचे. नातवाच्या वाट्याला स्टोव्ह, कुलपं आणि शिवणयंत्रं आली होती. सगळं गाव त्यांना मिस्त्रीचाचा म्हणायचं. वय सत्तरीला टेकलेलं, चष्म्याची एक काडी नव्हती, तिथं सुतळी बांधलेली. अकरा बंदुका गोधडीत गुंडाळून मी टांग्यातून त्यांच्या दुकानी नेल्या. त्यांनी गोधडी उघडली आणि एकेक बंदूक उजेडात धरून पाहिली. मग एका घोड्यावरून बोट फिरवत म्हणाले, "मास्तर, आठ दिन नंतर या."

आठ दिवसांनी गेलो. दुकानाच्या फळीवर तीन बंदुका उभ्या होत्या. तेल लावलेल्या, लखलखीत. मिस्त्रीचाचांनी एक उचलली, घोडा मागे ओढला आणि चाप दाबला. खट्ट असा आवाज झाला.

"देखा!" ते म्हणाले. "आते कशी बोलस!"

मी बंदूक त्यांच्या हातातून काढून घेतली. "चाचा, हे काय केलंत? मला त्या चालत नाहीत असा दाखला हवा होता."

"पन चालतस ना."

"दुरुस्त केल्यात म्हणून चालतात!"

"तेच तं. दुरुस्त व्हतस. मंग मी कसं लिखू, दुरुस्त व्हत नही?"

मी खाली बसलो आणि त्यांना कायदा समजावून सांगितला. त्यांनी मन लावून ऐकला. हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, मन्हा आजानी नळ्या बनाड्यात. बापनी घोडा बनाड्यात. मी कागदवर सही करी देऊ, का हाई काम माले येत नही? दुकानवर कोन ई मंग?"

बाकीच्या आठ तरी जशा आहेत तशा राहू द्या, एवढीच मी विनंती केली. "ठीक शे," ते म्हणाले. पण त्यांची नजर त्या आठांवर होती, आणि ती नजर मी आमच्या शाळेत एकाच माणसाच्या डोळ्यांत पाहिली होती: नवा फळा मिळालेल्या गणिताच्या मास्तरांच्या.

पुढच्या महिन्याभरात त्यांनी सात दुरुस्त केल्या. एकीचा घोडा नव्हता तर शिवणयंत्राच्या कसल्याशा भागातून नवा घडवला. एकीच्या चापाला स्टोव्हची तार बसवली. दस्ते सागाचे केले. मी रोज शाळा सुटल्यावर जायचो आणि वाईट बातमी ऐकून घरी यायचो. आठवी मात्र त्यांना दमवत होती. तिच्या कमानीला, म्हणजे घोड्याच्या स्प्रिंगला, हवं तसं पोलाद मिळेना. मी मनातून देवाला हात जोडले. एका संध्याकाळी ते स्वतःच माझ्या घरी चालत आले, आनंदानं फुललेले. "मास्तर, व्हई गयी! छत्रीनी काडी लावी!"

बायकोनं त्यांना बसवलं, शेव-पोहे दिले. ते गेल्यावर मला म्हणाली, "तो मानूस कितला खूश व्हता. तुमनं तोंड कसाले उतरनं?"

अकराच्या अकरा दुरुस्त होऊन पुन्हा आमच्या भिंतीवर आल्यावर माझा छंदच उलटा झाला. आधी मी चांगली बंदूक शोधायचो. आता मला अशी बंदूक हवी होती, की जिच्यापुढे मिस्त्रीचाचांनी हात टेकावेत. ज्याच्या त्याच्याकडे मी तेच मागू लागलो: याहून खराब नाही का? याहून सडलेली? लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघायचे.

खापरच्या बाजाराला गेलो असताना एका तेलाच्या दुकानदारानं सांगितलं की, गावाबाहेर एका भिल्ल शेतकऱ्याच्या ज्वारीत बुजगावण्याच्या हातात बंदूक आहे. तो मला तिथं घेऊन गेला. खरंच होती. तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडवायची, माणसाहून उंच, आणि वीस-पंचवीस पावसाळे उभ्यानं खाल्लेली. नळी मध्यावर उकलली होती. आतून ज्वारीची पानं दिसत होती. इतकी सुंदर वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती.

शेतकरी म्हातारा होता. तो त्याच्या बोलीत बोलायचा आणि दुकानदार मला मराठीत सांगायचा. मी बंदूक मागितली तेव्हा म्हातारा बराच वेळ बोलला.

"काय म्हणतात?"

"म्हनतो, डुकरं तिला घाबरतात. ती नेली तर त्याच्या हातात काय देता?"

मी इकडे तिकडे पाहिलं. माझ्याकडे छत्री होती. ती बुजगावण्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, मग पुढे येऊन ती उघडली. आता ते बुजगावणं एखाद्या शाळा तपासनिसासारखं दिसायला लागलं. म्हातारा पोट धरून हसला आणि बंदूक माझ्या खांद्यावर ठेवली. परतीच्या एसटीत कंडक्टरनं तिला बसू द्यायचं की नाही यावर अख्ख्या गाडीचं मत घेतलं. शेवटी मी ती बुजगावण्याची आहे असं सांगितल्यावर कोणाचीच हरकत राहिली नाही.

ती बंदूक मी मिस्त्रीचाचांना दिली. पण तिचा निकाल लागायच्या आधीच फौजदारांचा निरोप आला: अकरा बंदुकांचं काय झालं? आम्ही दोघं ठाण्यावर गेलो. मिस्त्रीचाचांनी अभिमानानं सांगितलं, "साहेब, बठ्या चालतस. अकराच्या अकरा."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.

"तोंडी चालणार नाही," ते म्हणाले. "पंचांसमोर उडवून दाखवा."

हिवाळ्याचे दिवस होते. नदीच्या कोरड्या पात्रात सकाळी दहाला सगळे जमले. दोन पंच, फौजदार, तीन शिपाई आणि निम्मं गाव. मिस्त्रीचाचांनी अकरांतल्या एकीच्या नळीत फटाक्यांची दारू ओतली, वर जुन्या वर्तमानपत्राचा बोळा गजानं ठासला. गोळी घातलीच नाही. फौजदारांनी एका शिपायाला पुढे व्हायला सांगितलं. तो जागचा हलला नाही.

"साहेब, बंदूक शंभर वर्षांची. माझी पोरं लहान आहेत."

दुसऱ्यानं आपली नोकरी कच्ची असल्याचं सांगितलं. शेवटी मिस्त्रीचाचांनी बंदूक वाळूच्या पोत्यावर ठेवली, चापाला लांब सुतळी बांधली आणि स्वतःच ओढली.

आवाज असा झाला की, देवळावरचे पारवे उडाले ते दुपारपर्यंत उतरले नाहीत. पांढऱ्या धुराचा लोट उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीचाचांनी हात जोडून चारी बाजूंना वळून नमस्कार केला. मीही टाळ्या वाजवत होतो, हे मला कबूल करायला हवं. त्या नळीनं इतक्या वर्षांनी तोंड उघडलं होतं.

मग धूर विरला आणि दुसरा धूर दिसायला लागला. पेटलेला बोळा वाऱ्यानं पात्राच्या काठावर गेला होता. काठावर एका व्यापाऱ्याची मिरची पसरलेली होती. लालभडक, वाळत घातलेली, नजर पोचेल तिथपर्यंत. तिच्या एका कडेला बोळा पडला आणि चार-पाच पाट्यांएवढी मिरची धुमसायला लागली.

मिरचीचा धूर काय असतो हे नंदुरबारच्या माणसाला सांगावं लागत नाही. पहिला ठसका फौजदारांना लागला. मग पंचांना, शिपायांना, आणि मग एकदम सगळ्या गर्दीला. लोक पळत होते, शिंकत होते, एकमेकांवर आदळत होते. मिरचीचा व्यापारी रागानं लाल होऊन धावत आला. माझ्यासमोर उभा राहिला. बोट उगारलं. "मास्तर, तुम्ही..." एवढंच म्हणाला आणि पुढचा सगळा राग खोकल्यात गेला. आम्ही दोघंही तोंडावर रुमाल धरून वाळू टाकत राहिलो. वारा गावाकडे होता. आमच्या हायस्कुलाला त्या दिवशी दुसऱ्या तासाला सुट्टी द्यावी लागली.

पंचनामा लिहिताना पंचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, फौजदारांच्याही. हवालदाराची शाई दोन ठिकाणी फुटली. बंदूक चालते, हे मात्र स्पष्ट लिहिलं गेलं. चालते म्हणजे हत्यार झालं. हत्यार झालं म्हणजे परवाना हवा. परवाना नाही म्हणजे जप्ती. बाकीच्या दहा बंदुका उडवून बघायची कोणाचीच छाती झाली नाही. मिस्त्रीचाचांच्या शब्दावर त्याही चालतात असं धरलं गेलं.

जप्तीचा माल ठेवायच्या खोलीत मात्र जागा नव्हती. ती हातभट्टीच्या पिंपांनी छतापर्यंत भरलेली. फौजदारांनी डोळे पुसत विचार केला.

"मास्तर, गावातला एखादा विश्वासू इसम सांगा. त्याच्याकडे माल सांभाळायला देऊ."

मी सांगायच्या आधी एक पंच म्हणाला, "मास्तरच शेतस ना. ह्यासनाइतला इस्वासू दुसरा कोन?"

अशा रीतीनं मी माझ्याच अकरा बंदुका सरकारच्या वतीनं माझ्याच भिंतीवर सांभाळायला घेतल्या. तसं लिहून दिलं. माल मोडणार नाही, बदलणार नाही, दुसऱ्या कामाला वापरणार नाही. घरी येऊन हे सांगितल्यावर बायकोनं मुकाट्यानं नळ्यांवरचे माझे दोन सदरे काढले आणि वळणीची दोरी पुन्हा बांधली.

दर महिन्याला एक शिपाई मोजायला यायचा. चहा घ्यायचा, अकरापर्यंत मोजायचा, सही घ्यायचा. त्याच दिवशी मिस्त्रीचाचाही तेलाची कुपी घेऊन यायचे. शिपाई म्हणायचा, "चाचा, सरकारी मालाला हात लावू नका." चाचा म्हणायचे, "मी हात नही लावत, तेल लावस." असं दोन-अडीच वर्षं चाललं. फौजदार बदलून गेले. मग धुळ्याहून हुकूम आला आणि एके दिवशी अकरा बंदुका गोणपाटात बांधून गाडीत घातल्या गेल्या. मिस्त्रीचाचा तेव्हा आमच्या दारातच होते. "उताना ठेवा, उताना," एवढंच ते गाडीवानाला सांगत राहिले. त्या बंदुका पुढे कुठं गेल्या ते मला कळलं नाही.

राहिली बुजगावण्याची. ती अजून त्यांच्या दुकानात होती. त्यांनी तिच्यावर काय काय केलं ते त्यांनाच ठाऊक. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. बंदूक फळीवर होती, खाली स्वच्छ कापड अंथरलेलं.

"मास्तर, कागद लया का?"

मी खिशातून काढला. त्यांना मराठी लिहिता येत नसे, सही उर्दूत करायचे. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो.

"लिखा. हाई बंदूक मन्हाकडथीन दुरुस्त व्हवाव नही."

मी लिहिलं.

"नळी बदलता आली नसती का, चाचा?"

"नळी बदली तं बंदूक बदली. आनि हाई नळी सांधी, तं जो पुढे उभा ऱ्हाई तो नही मरी. जो मांगे ऱ्हाई तो मरी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "अजून लिखा. दुसरा कोनी करी देत व्हई, तं माले सांगजा."

ते दुसरं वाक्य मी गाळायला हवं होतं. पण त्यांच्यासमोर बसून मला ते जमलं नाही. नव्या फौजदारांनी दाखला वाचला, दुसऱ्या वाक्यापाशी अडखळले. "म्हणजे दुसरा कोणी करू शकेल?" मी म्हणालो, "नंदुरबारात दुसरा कोणी नाही, साहेब." त्यांनी शिक्का मारला. इतक्या वर्षांच्या खटाटोपानंतर एक तरी बंदूक कायद्यानं माझी झाली.

पण मिस्त्रीचाचा आमच्याकडे यायचे थांबले. महिना गेला, दुसरा गेला. बायको म्हणाली, "जाई या एकदाव." मी गेलो. ते एक ग्रामोफोन खोलून बसले होते. मान वर केली नाही. मी बाकावर बसून राहिलो. स्प्रिंग गुंडाळता गुंडाळता ते अचानक म्हणाले, "मास्तर, ती एकडाव लई या. माले एक गोट सुचनी शे."

मला त्यांचा चेहरा पाहवेना. काय सुचलं होतं ते विचारलंही नाही. त्यांना खरंच सुचलं असेल, याची मला पक्की खात्री होती, आणि तीच भीती होती; चालती झाली की हीही सरकारजमा. मी म्हणालो, "चाचा, ती मी देऊन टाकली. बडोद्याकडच्या एका माणसाला."

"चांगलं करं," ते म्हणाले आणि स्प्रिंग पुन्हा हातात घेतली.

बंदूक त्या वेळी माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत, दारासमोरच टांगलेली होती. मी घरी आलो, ती काढली आणि आतल्या खोलीत कपाटामागे ठेवली, ते कधी आलेच तर दिसू नये म्हणून. ते आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं तेव्हा मी परीक्षेच्या कामासाठी शहाद्याला होतो.